मास्तरांचे लेप

माझे हात बरे व्हावेत म्हणून आमच्या घरात जेवढ्या वाट्या बरबटल्या, तेवढ्या जेवणासाठी कधी बरबटल्या नसतील. आणि त्या सगळ्या मीच घासल्या, त्याच हातांनी. यातली गंमत तुमच्या लगेच लक्षात आली असेल. आमच्या घरात दोन शहाणी माणसं राहतात, त्यांच्या लक्षात यायला बरेच महिने गेले.

मी केस कापते. लग्नाच्या आधीपासून कापते. लोकांना वाटतं, खुर्चीमागे उभं राहायचं, कात्री चालवायची, चार गप्पा मारायच्या, झालं. पण केस आधी धुवायचे असतात, मग कापायचे, मग रंग लावायचा, तो वाळला की परत धुवायचे. दिवसभर हात शॅम्पूत, नाहीतर रंगात, नाहीतर ओल्या टॉवेलात. घरी आलं की धुणं आणि भांडी आहेतच. इतकी वर्षं कातडीनं मुकाट्यानं सोसलं. मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. खाजवून खाजवून लाल झालं, मग कातडी कोरडी पडून सोलायला लागली, आणि शेवटी सांध्यांवर चिरा पडल्या. मूठ मिटली की चीर उघडायची. ब्लाउजचा हूक लावताना माझ्या तोंडून जे शब्द निघायचे, ते मला येतात हेच मला माहीत नव्हतं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत. रंगाच्या कारखान्यात ते शेड जुळवायचे, म्हणून तिथे सगळे त्यांना शेडमास्तर म्हणायचे, आणि मीही मास्तरच म्हणते. कुणी भिंतीचा एवढासा पोपडा आणून द्यावा, मास्तरांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघावं, पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, थेंबभर काळा असं करत करत तोच रंग डब्यात उतरवावा. पुठ्ठ्यावर नाहीतर कागदावर रंग बघून पसंत करणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्यांना मनस्वी राग. "ज्या भिंतीवर लावायचा, त्याच भिंतीवर पट्टी ओढा. वाळू द्या. ओला रंग खोटं बोलतो. मग या माझ्याकडे," असं ते ठणकावून सांगायचे. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मग कारखान्यात यंत्र आलं. यंत्राला पोपडा दाखवला की ते स्वतःच शेड जुळवतं, शिवाय त्याला चहा लागत नाही आणि ते गिऱ्हाइकाला ओरडत नाही. मास्तरांना नारळ मिळाला.

त्यानंतर ते आडवे झाले. आजारी नव्हते. ताप नाही, खोकला नाही, दुखणं नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून पडायचे. सकाळी कामावर जाताना मी त्यांची पाठ बघायची आणि संध्याकाळी परत आल्यावर तीच पाठ. दाढी वाढली, केस कानांवर आले. मी समजावलं, चिडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. अबोला धरल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. समोर माणूस असेल तर भांडता तरी येतं, पाठीशी काय भांडणार? शेवटी मी हात टेकले आणि कामाला जात राहिले. घर माझ्या कात्रीवर चाललं होतं, मला आडवं होऊन चालणार नव्हतं.

अशातच एका संध्याकाळी मी तेलाच्या बाटलीचं झाकण उघडत होते आणि ते उघडेना. जोर लावला तशी अंगठ्याची चीर टचकन फाटली. मी जोरात शिवी घातली, बाटलीला घातली की नशिबाला, देव जाणे. पलंगावर हालचाल झाली. मास्तर वळले होते.

"दाखव," ते म्हणाले.

मी हात पुढे केले. त्यांनी माझी बोटं खिडकीकडे नेली, डोळे बारीक केले, आणि पोपड्याकडे बघावं तसं बराच वेळ बघत राहिले.

"हा लाल वरचा नाही. खालून येतोय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर माणसानं दाढी केलेली! अंघोळ केलेली, बाहेर जाऊन आलेले, आणि बाल्कनीत कोरफडीची कुंडी. मला अक्षरशः रडू आलं. मास्तरांना वाटलं, हात दुखतोय.

तिथून लेप सुरू झाले. पहिला कोरफडीचा. मग मधाचा, मग ओट्सच्या पिठाचा, मग काकडीचा रस आणि साय, मग लिंबाचा रस. झेंडूच्या पाकळ्या तेलात मुरवून ती बाटली त्यांनी उन्हात ठेवली आणि तिची राखण केली. दिवसभर मोबाईलवर कुणीतरी दाढीवाला नाहीतर कुणीतरी गोड बोलणारी बाई त्यांना कातडीबद्दल ज्ञान देत असायची. नैसर्गिक, नैसर्गिक हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला जायचा की मला रसायनांची दया यायला लागली. पण मास्तर नुसते बघून करणाऱ्यातले नव्हते. ते त्यात भर घालायचे. "त्यांनी मध जास्त घेतलाय, चिकट होतो. मी थोडा कमी केला." रंगाचे रिकामे छोटे डबे त्यांनी माळ्यावरून काढले, घासायला मला दिले, आणि त्यांत लेप कालवायला लागले. ढवळायला जुनी लाकडी पट्टी. लावायला बारीक ब्रश, बोट नाही. एका दिशेनं, सलग, कुठेही डाग राहणार नाही असा हात. मला कधीकधी वाटायचं, आता हे माझ्या मनगटावर दुसरा कोटही देणार.

"आग होणार नाही ना?" मी सुरुवातीला विचारायची.

"घाबरू नकोस. तपासलंय," ते म्हणायचे.

मला वाटायचं, मोबाईलवर तपासलं असेल. आणि ब्रश हातात असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते पाहिल्यावर पुढचं विचारवत नसे. "कसं वाटतंय?" असं ते विचारायचे, तेव्हा मी म्हणायची, "बरं वाटतंय." वाटत काहीच नसायचं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, पाठ मोडलेली, डोळे मिटत असायचे आणि दोन्ही हात लेपात, म्हणजे साधं नाक खाजवायची सोय नाही. मला कोरफड नको होती, मध नको होता. मला आडवं व्हायचं होतं. पण लेप वाळेपर्यंत बसायचं, मग तो धुवायचा, मग लेपाच्या वाट्या, डबे, गाळणी, किसणी आणि त्यांच्यासोबत रात्रीची भांडी. ती घासून झाली की हात परत चुरचुरायला लागायचे. मग मास्तर म्हणायचे, "उद्या दुसरं काहीतरी बघतो."

उन्हाळा आला तरी मास्तर घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायचे. मी म्हटलं, अहो, उकडत नाही का? ते म्हणाले, पडून पडून अंगातली ऊबच गेलीय. मला पटलं. दमलेल्या माणसाला पटकन पटतं.

सलूनमध्ये मात्र लोकांना पटवणं जड जायला लागलं. आमची मालकीणबाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे आणि स्वभावानं वाईट नाही. तिनं आधी मला धुण्याच्या वेळी रबरी हातमोजे दिले. त्यात पाणी शिरायचं आणि आत हात शिजायचा. मग एक जुनं गिऱ्हाईक, माझ्याशिवाय कुणाकडे न बसणारी बाई, तिच्या कपाळावर मी केस ओढले तेव्हा माझी बोटं आरशात तिच्या नजरेला पडली. पुढच्या वेळी ती दुसऱ्या खुर्चीवर बसली, आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला सगळं कळलं.

संध्याकाळी मालकीणबाईनं मला आतल्या खोलीत बोलावलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. मला ठाऊक आहे हे लागण होणारं नाही. पण गिऱ्हाइकाला कोण समजावत बसणार? तुम्ही आधी चांगल्या डॉक्टरला दाखवा. हात असेच राहिले तर मला तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

"घरी उपचार चालू आहेत," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

कातडीची डॉक्टर पोरसवदा होती, आणि माझ्याइतकीच दमलेली दिसत होती. बाहेर बाकावर रांग लागलेली. तिनं माझे हात भिंगाखाली धरले, पालथे केले, उताणे केले.

"काय काय लावलंत?"

मी सांगायला लागले. ती आधी लिहून घेत होती, मग तिनं पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकत राहिली. मी लिंबापर्यंत पोचले तेव्हा तिनं डोळे मिटले.

"मावशी, कोरफड वाईट नाही, ओट्सही वाईट नाहीत. धड कातडीवर लावले तर बिघडत नाही. पण तुमची कातडी आता धड कुठे आहे? तिचं दार उघडं पडलंय. त्यातून जे आत जाईल ते झोंबणार. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं कुणी सांगितलं? खाजकुयलीसुद्धा नैसर्गिकच असते."

मी हसले. ती हसली नाही.

"हे मलम थोडे दिवस लावा, सांगते तेवढंच. मग साधी व्हॅसलीन, बिनवासाची. दिवसातून पुष्कळदा. बाकी सगळं बंद. आणि खरं औषध वेगळंच आहे. पाणी आणि साबण बंद. काही आठवडे हात कोरडे राहिले पाहिजेत. घरी भांडी कोण घासतं?"

"मीच."

"ते लेप कालवलेली?"

"तीसुद्धा मीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं चिठ्ठी फाडून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी जाताना मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. जिना चढताना वाक्यंसुद्धा जुळवली. दार उघडलं तर मास्तर ओट्यापाशी उभे, शिट्टी वाजवत होते. कारखाना सुटल्यापासून मी त्यांची शिट्टी ऐकली नव्हती.

"आलीस? ये, ये. आज एक भन्नाट सापडलंय."

मी चपला काढल्या. चिठ्ठी, मलमाची ट्यूब आणि व्हॅसलीनची डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली. आणि खुर्चीवर बसून हात पुढे केले.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे. असेन. पण तुम्ही ती पाठ पाहिलेली नाही. माझे हात आज ना उद्या बरे होतील, त्यांना औषध आहे. पण हा माणूस परत भिंतीकडे वळला, तर त्याला परत फिरवायला माझ्याकडे दुसरं काय होतं? मी चोरून मलम लावायची, त्यावर मास्तरांचा लेप, मग लेप धुवायचा, मग भांडी, मग परत चोरून मलम. मलमाला बिचाऱ्याला काम करायला फुरसतच मिळत नव्हती. हात बरे व्हायचं नावच घेईनात, आणि मास्तर जास्तच जोमानं शोध लावायला लागले.

आणि मग त्यांना शिरका सापडला. सफरचंदाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, त्यात आणखी काय काय. "मुळापासून काढतो म्हणे," ते म्हणाले. "तपासलंय." ब्रश टेकताच माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दात आवळून म्हटलं, बरं वाटतंय.

सकाळी दोन बोटांवर टरारून फोड आलेले होते. मी पट्ट्या गुंडाळल्या आणि कामावर गेले. पहिल्याच गिऱ्हाइकाचे केस कापताना कात्रीच्या कडीत फोड घासला आणि फुटला. कात्री हातातून सुटली आणि त्या माणसाच्या खांद्यावरून खाली पडली. त्याला लागलं नाही. पण तो उठून उभा राहिला, गळ्याभोवती कापड तसंच, अर्धं डोकं कापलेलं. आतापर्यंत माझ्या हातून कात्री कधी पडली नव्हती. मालकीणबाई आली, तिनं ती उचलली, पुसली, आणि माझ्या हातात न देता नव्या मुलीच्या हातात दिली.

"ताई, उद्यापासून येऊ नका. हात बरे झाले की या. खुर्ची मी ठेवते तुमच्यासाठी, जमेल तेवढे दिवस," ती म्हणाली.

जमेल तेवढे दिवस म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. नवी मुलगी उरलेलं अर्धं डोकं कापायला लागली होती. हात चांगला होता तिचा.

घरी आले तेव्हा ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. मास्तर दचकले.

"आज लवकर?"

"उद्यापासून घरीच आहे. हात बरे होईपर्यंत. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसवली."

मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते ओट्याकडे गेले आणि डबा घेऊन आले.

"मग आता जरा जोरातच करायला हवं. हे बघ, कालच्यात मी थोडं..."

मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि मोरीत भिरकावला. पांढऱ्या फरशीवर पिवळट ओघळ पसरले.

"बास! बास झालं! माझे हात म्हणजे काय तुमचा कारखाना आहे? आग होते का, हे विचारलंत एकदा तरी?"

"विचारलं की. तू बरं वाटतंय म्हणायचीस," ते हळू आवाजात म्हणाले.

"खोटं बोलत होते! तुम्ही परत त्या भिंतीकडे तोंड करून पडाल म्हणून खोटं बोलत होते! बरं वाटतंय म्हणायची आणि आत जाऊन फुंकर घालत बसायची. डॉक्टरकडे जाऊन आले मी. तिनं सगळं बंद करायला सांगितलंय. तेही तुमच्यापासून लपवलं. तुमची शिट्टी बंद पडू नये म्हणून माझी नोकरी गेली, मास्तर!"

बोलून गेले. मोरीत नळ ठिबकत होता.

"पण मी तपासून द्यायचो," मास्तर म्हणाले.

"कुठे? त्या मोबाईलवर?"

त्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही एक घडी, दुसरी घडी करत कोपरापर्यंत वर सारली. मनगटापासून वर सगळ्या हातावर पेनानं आखलेले चौकोन होते. एकाखाली एक, शेडकार्डावर असतात तसे. काही नुसतेच, आत काही नाही. काही लालसर. एकात कातडी गेलेली होती आणि खपली धरली होती. एकात जुना काळपट डाग.

"हा लसणाचा," खपलीवर बोट ठेवून ते म्हणाले. "हा तुला दिला नाही. हा कसल्यातरी पाल्याचा. हाही नाही दिला. जो मला चावला तो तुझ्यापर्यंत कधी आलाच नाही. रात्री लावायचो, दुसऱ्या दिवशी बघायचो. शिरक्यानं मला काहीच झालं नाही. हा बघ, काहीच नाही."

मी बघितलं. खरंच, तो चौकोन स्वच्छ होता. थिनर आणि रंग यांत मुरलेली, राबून जाड झालेली ती कातडी. तिला शिरक्यानं काय होणार होतं? मला इतका राग आला, आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं.

"ज्या भिंतीवर लावायचा, त्याच भिंतीवर पट्टी ओढा. कुणाचं वाक्य आहे हे? सगळ्या जगाला ओरडत होतात ना? पुठ्ठ्यावर रंग बघणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवत होतात ना? मग हा हात कुणाचा आहे, मास्तर? आणि हा कुणाचा?"

मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी धरला. माझा फुटलेला, त्यांचा आखलेला. त्यांनी डोळे बारीक केले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. इतका साधा नियम, जन्मभर पाळलेला, आणि नेमका इथेच कसा सुटला हे ते शोधत असावेत. मला त्याचं उत्तर ठाऊक होतं. माझ्यावर तपासायचं म्हणजे मला त्रास द्यायचा, आणि तेवढं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

"भिंत चुकली," ते शेवटी म्हणाले. कारखान्यातून खराब माल बाहेर गेला की ज्या आवाजात बोलायचे, तोच आवाज.

मग मी त्यांना डॉक्टर काय म्हणाली ते सगळं सांगितलं. दार उघडं पडलेली कातडी, साधी व्हॅसलीन, पाणी बंद, साबण बंद. "भांडी कोण घासतं असंही विचारलं तिनं," मी म्हटलं. मास्तरांनी मोरीकडे बघितलं. सकाळची भांडी, दुपारची, त्यात तो डबा आणि शिरक्याची वाटी. मग त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं, आणि पलंगावर जाऊन आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून.

मी मोरीपाशी उभी राहिले. इतकी वर्षं त्या ढिगाकडे पाठ करून झोपणं मला कधी जमलं नव्हतं. त्या संध्याकाळी जमलं. मी काही खाल्लं नाही, दिवा लावला नाही. पलंगाच्या माझ्या बाजूला पडले आणि शेजारच्या पाठीकडे बघत झोपून गेले. जे व्हायला नको म्हणून इतके महिने सोसलं, ते शेवटी मीच एका फटक्यात करून ठेवलं होतं. याचा विचार करायचीही ताकद नव्हती.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलेलं होतं. कामावर जायचं नाही हे आठवायला थोडा वेळ लागला. शेजारी तीच पाठ. झालं, मी मनात म्हटलं, आता ही पाठ आणि मी. उठून चहाला पातेलं घ्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेले.

मोरी रिकामी होती. फरशीवरचे पिवळे ओघळ पुसलेले. भांडी धुऊन पुसून फडताळात, आणि चुकीच्या जागी. पातेली कपांच्या खणात, कप डब्यांच्या मागे. मास्तरांना या घरातली भांडी कुठे राहतात हेही माहीत नव्हतं. रंगाचे सगळे डबे घासून, ओट्यावर फडकं पसरून, त्यावर ओळीत पालथे घातलेले. ब्रश स्वच्छ धुऊन केस वर करून उभे ठेवलेले. नळावर सलूनमधून परत आणलेले माझे रबरी हातमोजे वाळत होते. ते माझ्या मापाचे. एकाचा अंगठा टरकून फाटला होता.

मी पातेलं शोधलं नाही. पर्समधून व्हॅसलीनची डबी काढली आणि परत आत आले. आता नीट बघितलं तर त्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. डावा हात पांघरुणाबाहेर, सगळे चौकोन उघडे. श्वासावरून कळत होतं, जागे होते.

मी त्यांच्या पाठीशी बसले. डबीतून बोटभर व्हॅसलीन घेतली, माझं ते सोललेलं बोट, आणि लसणाच्या खपलीवर हलकेच टेकवलं. मग शेजारच्या लाल चौकोनावर. मला ब्रशसारखं एका दिशेनं जमत नाही. मी आपली गोल गोल लावत होते.

"आधी तपासलंस का?" भिंतीकडे बघतच मास्तरांनी विचारलं. आवाज घोगरा होता.

"तपासतेय. ज्या भिंतीवर लावायचं, त्याच भिंतीवर," मी म्हटलं.

पाठ हलली. हसले की काय झालं, मला दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही. पुढचा चौकोन घेतला. कातडी खरखरीत होती, आणि तिला भांड्यांच्या साबणाचा वास येत होता.

मग मास्तर वळले. हात तसाच माझ्या मांडीवर ठेवून, उताणे, छताकडे बघत.

"वाळेपर्यंत थांबावं लागेल," ते म्हणाले. "त्याशिवाय कळायचं नाही."

"थांबते," मी म्हटलं. "मला कुठे जायचंय?"